यॉर्क यांच्या बी-२५ विमानाचे सोव्हिएत भूमीवरील अवतरण (१९४२)

दुसऱ्या महायुद्धात १८ एप्रिल १९४२ रोजी अमेरिकेने जपानवर केलेल्या डूलिटल हवाई हल्ल्यातील एक बी-२५बी मिचेल बाँबफेकी विमान इंधन अपुरे पडल्यामुळे सोव्हिएत संघाच्या अतिपूर्वेकडील भागात, व्लादिवोस्तोक शहराजवळ उतरले. सोव्हिएत संघ त्या वेळी जर्मनीविरुद्ध अमेरिकेचा दोस्त होता. पण जपानविरुद्धच्या युद्धात तो तटस्थ होता. त्यामुळे कॅप्टन एडवर्ड यॉर्क आणि त्यांचे चार सहकारी दोस्तराष्ट्राच्याच ताब्यात स्थानबद्ध झाले. जवळपास तेरा महिन्यांनी, मे १९४३ मध्ये, ते इराणमार्गे बाहेर पडले. हे पलायन सोव्हिएत गुप्तचर यंत्रणेनेच घडवून आणल्याचे पुढे उघड झाले. हल्ल्यात भाग घेतलेल्या १६ विमानांपैकी शाबूत अवस्थेत धावपट्टीवर उतरलेले हे एकमेव विमान होय.

पार्श्वभूमी

७ डिसेंबर १९४१ च्या पर्ल हार्बर हल्ल्यानंतर जपानच्या मुख्य भूमीवर प्रतिहल्ला करण्याचा निर्णय अमेरिकेने घेतला. नौदलाच्या लहान विमानांचा पल्ला बेताचा असल्याने त्यांच्या विमानवाहू नौकांना जपानी किनाऱ्याच्या धोकादायक जवळिकीत जावे लागले असते. म्हणून भूदलाच्या हवाई शाखेची मध्यम पल्ल्याची बी-२५ विमाने यूएसएस हॉर्नेट या विमानवाहू नौकेवरून उडवण्याची योजना आखण्यात आली. मोहिमेचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल जेम्स डूलिटल यांच्याकडे होते. हे विमान नौकेवरून उडू शकत असले, तरी पुन्हा नौकेवर उतरू शकत नव्हते. त्यामुळे बाँबफेक झाल्यावर विमानांनी कोठे जायचे हा योजनेतील सर्वांत अवघड प्रश्न होता.

नकाशावर पाहिले तर व्लादिवोस्तोक हे सर्वांत सोयीचे ठिकाण होते. टोकियोपासून ते चीनमधील धावपट्ट्यांपेक्षा बरेच जवळ होते आणि तेथे जपानी सैन्याचा वावर नव्हता. अमेरिकेने तेथे विमाने उतरवण्याची परवानगी मागितली. सोव्हिएत सरकारने ती नाकारली. १३ एप्रिल १९४१ रोजी झालेल्या सोव्हिएत–जपानी तटस्थता करारामुळे दोन्ही देशांनी परस्परांविरुद्धच्या युद्धात न पडण्याचे मान्य केले होते. जर्मन सैन्य सोव्हिएत भूमीत खोलवर घुसलेले असताना पूर्वेकडे दुसरी आघाडी उघडणे मॉस्कोला परवडणारे नव्हते. याशिवाय एक व्यावहारिक कारणही होते. अमेरिकेकडून उधार-भाडेपट्टा योजनेखाली येणाऱ्या मालाचा फार मोठा भाग पॅसिफिक महासागरातून सोव्हिएत ध्वजाच्या जहाजांनी व्लादिवोस्तोकला पोहोचत असे. ही जहाजे जपानच्या दारातून जात आणि जपान ती जाऊ देत असे. तटस्थता मोडली असती तर हा मार्ग त्याच दिवशी बंद झाला असता.

अखेर चीनमधील चुचौ येथे उतरून इंधन घ्यायचे आणि पुढे चोंगकिंगकडे जायचे असे ठरले. काहीही झाले तरी सोव्हिएत हद्दीत जायचे नाही, अशी ताकीद डूलिटल यांनी वैमानिकांना दिली होती.

विमान आणि चालकदल

विमानाचा क्रमांक ४०-२२४२ होता आणि उड्डाणाच्या क्रमात ते आठवे होते. मोहिमेतील इतर विमानांप्रमाणेच त्यातही मोठे फेरफार केलेले होते. पोटाखालचा तोफमनोरा काढून टाकण्यात आला होता आणि जादा टाक्या बसवून इंधनक्षमता ६४६ गॅलनवरून १,१४१ गॅलनपर्यंत (सुमारे ४,३०० लिटर) वाढवली होती. शेपटाकडून हल्ला करणाऱ्या शत्रूला फसवण्यासाठी तेथे मशीनगनच्या नळ्यांसारखे दिसणारे काळे रंगवलेले लाकडी दांडके लावले होते.

चालकदलात पाच जण होते: वैमानिक कॅप्टन एडवर्ड यॉर्क, सहवैमानिक लेफ्टनंट रॉबर्ट एमन्स, नॅव्हिगेटर व बाँबफेक या दोन्ही जबाबदाऱ्या सांभाळणारे लेफ्टनंट नोलन हर्नडन, यंत्रज्ञ थिओडोर लेबन आणि गनर डेव्हिड पोल. यॉर्क हे मोहिमेच्या कार्यवाहीची व्यवस्था पाहणारे अधिकारी होते. त्यांचे मूळ आडनाव चिखोव्स्की असे पोलिश वळणाचे होते आणि सहकारी त्यांना ‘स्की’ या नावाने हाक मारत.

नौकेवर चढवण्यापूर्वी विमानांची अखेरची तपासणी कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथील हवाई तळावर झाली. फ्लोरिडातील सरावाच्या काळात इंजिनांचे कार्ब्युरेटर कमीत कमी इंधन जळेल असे काळजीपूर्वक जुळवून घेतले होते. मोहीम गुप्त असल्याने सॅक्रामेंटोच्या कामगारांना याची कल्पना नव्हती. यॉर्क यांच्या विमानाचे कार्ब्युरेटर तेथे बदलले गेले आणि नवे कार्ब्युरेटर त्या पद्धतीने जुळवलेले नव्हते. गुप्तता राखण्यासाठी घेतलेली खबरदारीच येथे विमानाच्या मुळावर आली.

उड्डाण आणि मार्गबदल

१८ एप्रिलच्या सकाळी अमेरिकी नौदलाचा ताफा एका जपानी टेहळणी नौकेच्या नजरेस पडला. त्यामुळे ठरलेल्या वेळेच्या सुमारे दहा तास आधी आणि ठरलेल्या जागेपेक्षा कितीतरी दुरून, जपानपासून सुमारे १,२०० किलोमीटर अंतरावरून, विमाने सोडावी लागली. वाढलेल्या अंतरामुळे सर्वच विमानांचा इंधनाचा हिशेब बिघडला. पण यॉर्क यांच्या विमानाची स्थिती त्यातही वेगळी होती. ताशी ७० ते ७५ गॅलन इंधन जळावे अशी अपेक्षा असताना ते जवळपास १०० गॅलन जाळत होते. जपानचा किनारा दिसण्यापूर्वीच चीन गाठणे अशक्य असल्याचे चालकदलाच्या लक्षात आले. हर्नडन यांच्या हिशेबाप्रमाणे विमान चीनच्या किनाऱ्याच्या बरेच अलीकडे समुद्रात पडले असते, आणि तो समुद्र जपानच्या ताब्यात होता.

तरीही बाँबफेक सोडून देण्यात आली नाही. जपानवर बाँब टाकल्यानंतर यॉर्क यांनी विमान वायव्येकडे वळवले आणि होन्शू बेट व जपानचा समुद्र ओलांडून ते सोव्हिएत किनाऱ्याकडे निघाले. दोनच पर्याय होते: आदेश पाळून समुद्रात उतरणे किंवा आदेश मोडून तटस्थ भूमीवर उतरणे. उरलेल्या पंधरा विमानांना चीनच्या दिशेने जाताना अनपेक्षितपणे पाठीमागून वारा मिळाला आणि त्यामुळे ती किनाऱ्यापर्यंत पोहोचू शकली. निर्णय घेताना यॉर्क यांना हे ठाऊक असणे शक्य नव्हते, आणि ठाऊक असते तरी त्यांच्या इंजिनांची भूक पाहता त्याचा किती उपयोग झाला असता हा प्रश्नच आहे.

सुमारे नऊ तासांच्या उड्डाणानंतर विमान व्लादिवोस्तोकपासून साधारण ६५ किलोमीटरवर असलेल्या उनाशी येथील लष्करी धावपट्टीवर सुखरूप उतरले.

स्थानबद्धता

प्रारंभी स्वागत मैत्रीपूर्ण होते. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी पाहुण्यांना भरपेट जेवू घातले, व्होडकाचे प्याले भरले गेले. इंधन मिळाल्यास दुसऱ्या दिवशी पहाटे चीनकडे निघून जाऊ, अशी विनंती यॉर्क यांनी केली आणि ती मान्य होईल असेही क्षणभर वाटले. मात्र वरून आलेल्या हुकुमानंतर चित्र पालटले. चालकदलाला खाबारोव्स्क येथे नेण्यात आले आणि तेथे त्यांना स्थानबद्ध केल्याचे सांगण्यात आले.

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने यात वावगे काही नव्हते. १९०७ च्या पाचव्या हेग करारानुसार युद्धमान देशाचे सैनिक तटस्थ देशाच्या हद्दीत आले, तर त्यांना युद्धभूमीपासून शक्य तितक्या दूर ठेवणे आणि त्यांच्या अन्नवस्त्राची सोय करणे हे त्या देशाचे कर्तव्य ठरते. तो करार मुळात पायदळाचा विचार करून केलेला होता. विमानांविषयीचे नियम १९२३ मध्ये हेग येथेच कायदेपंडितांच्या आयोगाने लिहून काढले आणि तटस्थ हद्दीत उतरलेले लष्करी विमान चालकदलासह अडकवून ठेवावे असे त्यात म्हटले होते. पण ते नियम कोणत्याही देशाने करार म्हणून स्वीकारले नाहीत. व्यवहारात मात्र बहुतेक तटस्थ देश त्यांना अनुसरूनच वागत. स्थानबद्ध सैनिक हा युद्धकैदी नसतो, कारण त्याला ठेवून घेणारा देश त्याचा शत्रू नसतो. हा फरक कागदावर मोठा असला, तरी यॉर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या दैनंदिन जीवनात तो फारसा जाणवण्याजोगा नव्हता.

सोव्हिएत सरकारने विमान उतरल्याचे आणि चालकदल स्थानबद्ध केल्याचे जाहीर केले. जपाननेही या घटनेची दखल घेऊन आपल्या राजदूतामार्फत विचारणा केली. त्याच महिन्यात अमेरिकेचे नवे राजदूत ॲडमिरल विल्यम स्टँडली यांची योसेफ स्टालिन यांच्याशी भेट झाली. आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार वैमानिकांना स्थानबद्ध करावे लागले, अशी भूमिका स्टालिन यांनी तेव्हा मांडली. अमेरिकेनेही हा विषय ताणून धरला नाही. पाच माणसांसाठी व्लादिवोस्तोकचा सागरी मार्ग धोक्यात घालण्याची वॉशिंग्टनचीही तयारी नव्हती.

खाबारोव्स्कहून सुमारे तीन आठवड्यांचा रेल्वेप्रवास करून चालकदलाला सायबेरियापलीकडे, मॉस्कोच्या आग्नेयेस असलेल्या पेन्झा शहराजवळ आणण्यात आले. त्याच वर्षी पुढे त्यांची रवानगी उरल भागातील पेर्म (तेव्हाचे नाव मोलोतोव) शहराजवळ, कामा नदीकाठच्या ओखान्स्क या लहानशा गावी झाली. सप्टेंबर १९४२ मध्ये राजदूत स्टँडली यांनी तेथे जाऊन त्यांची भेट घेतली; परंतु सुटकेचे आश्वासन ते देऊ शकले नाहीत.

ओखान्स्कचा हिवाळा हा या तेरा महिन्यांतील सर्वांत खडतर काळ होता. काळी पाव, कोबी आणि चहा असा तुटपुंजा आहार, प्रचंड थंडी आणि करण्यासारखे काहीच काम नाही, यामुळे पाचही जणांची प्रकृती ढासळली. अर्थात युद्धाच्या त्या हिवाळ्यात गावातील सोव्हिएत नागरिकही उपाशीच होते आणि कैद्यांच्या वाट्याला आलेले अन्न अनेकदा गावकऱ्यांपेक्षा बरे होते, ही बाब विसरून चालणार नाही. या काळात एमन्स यांनी बऱ्यापैकी रशियन भाषा आत्मसात केली. १९४३ च्या आरंभी चालकदलाने थेट स्टालिन यांना पत्र लिहिले. आम्हाला सोडता येत नसेल, तर निदान उबदार प्रदेशात हलवावे आणि काहीतरी काम द्यावे, असा त्या पत्राचा आशय होता.

पत्राचा परिणाम झाला. थोड्याच महिन्यांत त्यांना दक्षिणेकडे, तुर्कमेनिस्तानातील अश्गाबाद येथे नेण्यात आले आणि प्रशिक्षण विमानांची दुरुस्ती करणाऱ्या एका कारखान्यात काम देण्यात आले. अश्गाबाद इराणच्या सीमेपासून अगदी जवळ आहे. स्थानबद्धांना देशाच्या अंतर्भागातून उचलून सीमेलगत आणून ठेवण्याची ही पद्धत विचित्र होती. मात्र तिचा अर्थ चालकदलाला त्या वेळी उमगला नाही.

पलायन

अश्गाबादच्या वाटेवर यॉर्क यांची एका मनमिळाऊ सोव्हिएत माणसाशी ओळख झाली. हा माणूस पुढे त्यांच्या संपर्कात राहिला आणि सीमेपलीकडे माणसे व माल नेणाऱ्या एका तस्कराशी त्याने त्यांची गाठ घालून दिली. अडीचशे डॉलरच्या मोबदल्यात सौदा ठरला. १० मे १९४३ च्या रात्री पाचही जण मालमोटारीतून निघाले, डोंगराळ भागात काही अंतर पायी चालत त्यांनी सीमा ओलांडली आणि ११ मे रोजी ते इराणमधील मशहद येथे पोहोचले.

तेथेही धोका टळलेला नव्हता. ऑगस्ट १९४१ पासून इराण ब्रिटिश व सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात होता आणि मशहद सोव्हिएत सैन्याच्या विभागात येत होते. चालकदलाने तेथील ब्रिटिश वाणिज्य दूतावासाचा आसरा घेतला. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्यांना सोव्हिएत चौक्यांच्या नजरेतून वाचवत मोटारीने दक्षिणेकडे ब्रिटिश भारताच्या हद्दीत पोहोचवले. तेथून ते विमानाने अमेरिकेला परतले. आपली सुटका कशी झाली याविषयी कोठेही बोलायचे नाही, असा सक्त आदेश त्यांना देण्यात आला.

सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून हे पलायन एनकेव्हीडी या गुप्तचर व सुरक्षा यंत्रणेने आखल्याचे स्पष्ट झाले. या नाट्यामागील तर्क कायद्यातूनच आलेला आहे. स्थानबद्ध सैनिकांना उघडपणे सोडून देणे हा तटस्थतेचा भंग ठरला असता आणि जपानला तक्रारीला जागा मिळाली असती. स्थानबद्ध पळून गेले, तर मात्र तो फार तर पहारेकऱ्यांचा गलथानपणा ठरतो. त्यामुळे अमेरिकेला तिची माणसे मिळाली, जपानला दाखवण्यासाठी सोव्हिएत सरकारचे हात कोरे राहिले आणि मालवाहू जहाजांचा मार्गही सुरू राहिला. ज्यांच्यासाठी हा बनाव रचला गेला त्या पाच जणांना मात्र त्या रात्री आपण खरोखरच जिवावर उदार होऊन पळत आहोत असे वाटत होते.

हेतूविषयीचा वाद

विमान खरोखर इंधनाअभावीच सोव्हिएत हद्दीत गेले का, याविषयी पुढे शंका व्यक्त झाली. ती शंका मांडणारे स्वतः नॅव्हिगेटर हर्नडन होते. आपले चालकदल आयत्या वेळी बनवण्यात आले आणि यॉर्क व एमन्स यांना सोव्हिएत संघाची प्रतिक्रिया अजमावण्याची गुप्त कामगिरी दिलेली असावी, असे मत त्यांनी उतारवयात मांडले. प्रत्यक्ष विमानात असलेल्या माणसाचे मत म्हणून ते दुर्लक्षिता येत नाही. तथापि त्याला दुजोरा देणारा एकही कागद पुढे आलेला नाही. यॉर्क आणि एमन्स यांनी इंधनटंचाई हेच कारण अखेरपर्यंत सांगितले. शिवाय अशी चाचणी घेण्याची गरज काय होती, याचे उत्तर हर्नडन यांच्या तर्कातून मिळत नाही. सोव्हिएत सरकारने आपला नकार आधीच स्पष्ट शब्दांत कळवला होता.

नंतरच्या स्थानबद्ध तुकड्या

यॉर्क यांच्या सुटकेची पद्धत पुढे वहिवाटच बनली. १९४३ च्या मध्यापासून अल्यूशियन बेटांवरून कुरिल बेटांवर हल्ले करणारी अमेरिकी विमाने निकामी झाल्यावर कामचात्का द्वीपकल्पात उतरू लागली. त्यांच्या वैमानिकांना ताश्कंदजवळच्या छावणीत एकत्र ठेवले जाई आणि पुरेशी संख्या झाली की इराणमध्ये ‘पळून’ जाऊ दिले जाई. १९४४ च्या आरंभी अशा ६० जणांचा गट बाहेर पडला. त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकी वृत्तपत्रांत बातमी फुटल्याने दुसऱ्या एका गटाला वाटेतूनच ताश्कंदला परत आणले गेले. त्यांची सुटका काही आठवडे लांबली. युद्ध संपेपर्यंत एकूण २९१ अमेरिकी वैमानिक व कर्मचारी या रीतीने सोव्हिएत संघातून बाहेर पडले. गुप्तता पाळण्याची लेखी हमी त्यांच्याकडून घेतली जाई.

माणसांबाबत सोव्हिएत सरकार लवचीक राहिले, विमानांबाबत नाही. यॉर्क यांचे विमान अमेरिकेला परत मिळाले नाही. तांत्रिकदृष्ट्या त्याचे महत्त्व मर्यादित होते, कारण बी-२५ विमाने उधार-भाडेपट्टा योजनेखाली सोव्हिएत हवाई दलाला मिळतच होती. १९४४ मध्ये व्लादिवोस्तोक परिसरात उतरलेल्या बी-२९ सुपरफोर्ट्रेस विमानांची गोष्ट निराळी होती. हे अत्याधुनिक दूरपल्ल्याचे विमान अमेरिका सोव्हिएत संघाला द्यायला तयार नव्हती. बंगालमधील खरगपूर आणि आसपासच्या तळांवरून चीनमधील चेंगडूमार्गे मोहिमांवर जाणाऱ्या या विमानांपैकी तीन जुलै ते नोव्हेंबर १९४४ या काळात सोव्हिएत हद्दीत शाबूत उतरली आणि एक कोसळले. आंद्रेई तुपोलेव यांच्या संस्थेने त्यांचे भाग सुटे करून हुबेहूब नक्कल केली. टीयू-४ नावाचे ते विमान मे १९४७ मध्ये प्रथम उडाले आणि ऑक्टोबर १९५१ मध्ये सोव्हिएत संघाने विमानातून टाकलेला पहिला अणुबाँबही त्यातूनच टाकला.

एप्रिल १९४५ मध्ये सोव्हिएत संघाने तटस्थता कराराचे नूतनीकरण न करण्याचे जपानला कळवले आणि ८ ऑगस्ट १९४५ रोजी जपानविरुद्ध युद्ध पुकारले.

चालकदलाचे पुढील आयुष्य

डूलिटल मोहिमेतील ८० जणांपैकी तिघे उतरताना किंवा हवाई छत्रीने उडी घेताना मरण पावले. आठ जण जपान्यांच्या हाती लागले. त्यांपैकी तिघांना ऑक्टोबर १९४२ मध्ये मृत्युदंड देण्यात आला आणि एकाचा कैदेत मृत्यू झाला. आठव्या विमानातील पाचही जण जिवंत परतले. एमन्स यांनी सोव्हिएत संघातील अनुभवांवर ‘गेस्ट्स ऑफ द क्रेमलिन’ हे पुस्तक लिहिले आणि ते १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील पलायनाचे वर्णन खऱ्या पलायनाचेच आहे, कारण बनावाचे पुरावे तेव्हा उपलब्ध नव्हते. यॉर्क १९८४ मध्ये, एमन्स १९९२ मध्ये आणि चालकदलातील अखेरचे हयात सदस्य हर्नडन २००७ मध्ये निवर्तले. अमेरिकेच्या काँग्रेसने २०१४ मध्ये मोहिमेतील सर्व वैमानिकांना सुवर्णपदक देण्याचा कायदा केला.